प्रागची 'फ्री' वॉकिंग टूर: शेवटी नक्की किती द्यायचे?

गवतीचहा (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०:४०

धागा 'प्रवास'मध्ये टाकावा की 'पैसापाणी'मध्ये, ठरेना. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई (वय ६८, गुडघ्यांचं वय ८५) प्रागला चार दिवस होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची फ्री वॉकिंग टूर घेतली. ऑनलाइन नावं नोंदवायची, पैसे शून्य, जुन्या शहराच्या चौकात जाऊन हिरवी छत्री शोधायची. 'फुकट' म्हटल्यावर सासूबाईंचे कान टवकारले. "शेवटी दुकानात नेऊन बसवतील बघ." काश्मीरच्या ट्रिपमध्ये त्यांना शालींच्या दुकानात दीड तास बसवून ठेवलं होतं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

छत्री सापडली. एक काडी मोडलेली. तिच्याखाली पस्तिशीचा, दाढीवाला चेक माणूस, घसा पार बसलेला. पण इंग्रजी सावकाश, आईंनासुद्धा कळेल असं. सुरुवातीलाच त्याने सगळ्यांचा ग्रुप फोटो काढला. आई लांब कडेला उभ्या होत्या, मी त्यांना दंडाला धरून मध्ये ओढलं. त्यांनी पदर सारखा केला, सगळे हसलो, आणि निघालो.

टूर अडीच तासांची. सगळं लिहीत बसत नाही, दोन-तीन गोष्टी सांगते.

चौकातल्या खगोलीय घड्याळापाशी ही गर्दी. ते १४१० सालचं, आणि अजून चालतंय. दर तासाला वर दोन खिडक्या उघडतात, त्यातून येशूचे बारा शिष्य फिरून जातात आणि शेजारचा सांगाडा घंटा वाजवतो. गाइडने आधी ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली: कारागिराने असं घड्याळ दुसरीकडे कुठे करू नये म्हणून नगरातल्या शेठ लोकांनी त्याचे डोळे फोडले. सगळे हळहळले. मग म्हणाला, ही निव्वळ थाप आहे. ज्याचं नाव घेतात त्याने मूळ घड्याळ केलेलंच नाही, ते मिकुलाश नावाच्या घड्याळजीने केलं आणि गणित एका खगोलाच्या प्राध्यापकाचं. नवरा कानात कुजबुजला, "ताजमहालच्या कारागिरांचे हात इथे डोळे झाले."

मग नगरभवनाच्या बाजूला गेलो. तिथे जमिनीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसवले आहेत. लोक त्यांच्यावर उभे राहून आइस्क्रीम खात होते. आपण काय तुडवतोय, सांगितल्याशिवाय कळत नाही. हॅब्सबर्ग बादशहाविरुद्ध उठाव करणाऱ्या २७ पुढाऱ्यांना २१ जून १६२१ ला याच जागेवर मारलं, आणि त्यातल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगून ठेवली. गाइड हे सांगत असताना आईंनी खाली पाहिलं. त्यांचा पाय नेमका एका क्रूसावर. पटकन मागे सरकल्या, वाकून त्या दगडाला हात लावला आणि कपाळाला लावला. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की करतो तसं. गाइड क्षणभर थांबला, मग पुढे बोलायला लागला.

ज्यूंच्या जुन्या वस्तीत, योसेफोवमध्ये, त्यांच्या नगरभवनावर दोन घड्याळं आहेत. वरचं आपल्यासारखं, खालचं हिब्रू आकड्यांचं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून खालच्या घड्याळाचे काटेही उलटे फिरतात. आई तिथून हलायला तयार नव्हत्या. मोबाइलवर व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला तेव्हा निघाल्या.

आता मुद्दा. नदीकाठी टूर संपली. गाइडने टोपी काढली आणि म्हणाला, टूर फ्री आहे, पण हेच माझं काम आहे, आवडली असेल तर तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. त्यानंतरची पाच मिनिटं! कोणी फोन कानाला लावला, कोणी बुटाची नाडी बांधायला बसलं. आठ-दहा पोरांचं टोळकं तर पुलापाशीच गळालं होतं. एका म्हाताऱ्या जोडप्याने पाचशेची नोट घडी करून हळूच दिली. नवऱ्याच्या पाकिटात एक दोन हजारची आणि एक दोनशेची नोट होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोनशेची दिली. दोनशे कोरुना (हो, चलनाचं नाव असंच आहे) म्हणजे साडेसातशे रुपयांच्या आसपास. तिघांचे मिळून. तेव्हा ठीक वाटलं होतं. आईंनी पिशवीतून आलेपाकाच्या चार वड्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या आणि मराठीतच सांगितलं, "घशाला बरं." त्याने एक लगेच तोंडात टाकली.

हॉटेलवर आल्यापासून चुटपुट लागलीये. किती द्यायला हवे होते? आवडली नाही तर? आणि मुळात याला 'फ्री' का म्हणतात?

खडूसकाका · सोमवार, रात्री ११:१५

लेखन छान. तुमची चुटपुट मात्र अनाठायी.

दुकानाच्या पाटीवर 'मोफत' लिहायचं आणि गिऱ्हाईक बाहेर पडताना दारात टोपी धरायची, याला माझ्या लहानपणी वेगळं नाव होतं. किंमत असेल तर किंमत लिहा. मी २०१८ मध्ये बुडापेस्टला अशी टूर घेतली, शेवटी गाइडशी हस्तांदोलन केलं, धन्यवाद म्हणालो आणि निघालो. रात्री झोप उत्तम लागली.

ऊनसावली · सोमवार, रात्री ११:३२

काका 😀 तुमच्या बायकोची झोप कशी झाली ते विचारा.

आमचा नियम सांगते. सकाळी हॉटेलवरून निघतानाच माणशी दहा युरो वेगळ्या खिशात ठेवायचे. चांगली झाली तर पंधरा, अगदी रटाळ झाली तर पाच. शेवटच्या पाच मिनिटांत पाकीट उघडून हिशोब करायला गेलं की हात आखडतोच, कोणाचाही. आणि टूर सोडायची असेल तर मधल्या थांब्यावर गाइडला खूण करून, थोडे पैसे देऊन जावं. गुपचूप कल्टी मारू नये.

उंटावरचा_शहाणा · सोमवार, रात्री ११:५०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काकांनी सुरुवात केली म्हणजे धागा शंभरी गाठणार.

टपालपेटी · मंगळवार, सकाळी ७:०५

गवतीचहा, लिहू की नको असा विचार करत होतो, कारण ग्रुप फोटोबद्दल तुम्ही फार गोड लिहिलंय.

मी २०१३ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये शिकत असताना अशाच एका कंपनीसाठी फ्री टूर द्यायचो. (विद्यार्थी व्हिसावर हे स्वतंत्र काम करायला परदेशी लोकांच्या ऑफिसातून वेगळी परवानगी लागते, ती काढण्यात अख्खा वसंत गेला.) आमचं गणित असं: कंपनी मला पगार देत नव्हती. उलट मीच कंपनीला पैसे द्यायचो, माणशी. वेबसाइट त्यांची, छत्री त्यांची, होस्टेलांत पत्रकं वाटणारी पोरं त्यांची, म्हणून जेवढी माणसं माझ्या टूरवर आली तेवढ्या डोक्यांचे पैसे. तेव्हा ते अडीच-तीन युरोच्या घरात होते. माणसाने शेवटी काही दिलं का नाही, याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही.

डोकी किती हे कंपनीला कसं कळणार? सुरुवातीला काढलेल्या ग्रुप फोटोवरून. तो फोटो आम्ही संध्याकाळी ऑफिसला पाठवायचो. तिथे कोणीतरी बसून डोकी मोजायचं.

सगळ्या कंपन्या असंच करतात असं नाही. काही ठिकाणी गाइडच मिळून टूर चालवतात, काही ठिकाणी बुकिंगच्या संकेतस्थळाला कमिशन जातं. पण निघण्याआधी, ऊन कुठलं आहे तेही न बघता फोटो काढला, की मला अजून पोटात कसंतरी होतं.

ऊनसावली · मंगळवार, सकाळी ७:४०

बाप रे. मी प्रत्येक फोटोत हात वर करून उभी आहे.

गवतीचहा · मंगळवार, सकाळी ९:१०

टपालपेटी, लोकलमध्ये तुमचा प्रतिसाद वाचला आणि दिव्याला उतरायच्या ऐवजी ठाण्यापर्यंत गेले.

हिशोब केला. दोनशे कोरुना म्हणजे आठ युरो. तीन डोकी गुणिले अडीच म्हणजे साडेसात. आमच्या गाइडचाही मामला असाच असेल, तर अडीच तासांच्या पायपिटीचे आमच्याकडून त्याला पन्नास सेंट मिळाले. बारा-तेरा कोरुना. त्याच दिवशी दुपारी स्वच्छतागृहाला मी वीस दिले होते.

आणि आईंना मीच ओढून फोटोत घेतलं होतं.

खडूसकाका · मंगळवार, सकाळी १०:०२

बघा! मी काय म्हणत होतो? म्हणजे गाइडला लुबाडतेय कंपनी, आणि अपराधी वाटतंय डोंबिवलीच्या सुनेला. जोखीम सगळी त्या पोराची, पाऊस पडला तर नुकसान त्याचं, गिऱ्हाईक पळालं तर दंड त्याला. आणि त्यातला खड्डा मी माझ्या खिशातून भरायचा, का? तर माझ्या डोळ्यांदेखत टोपी धरली म्हणून.

टपालपेटी · मंगळवार, सकाळी १०:४५

काका, कंपनीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण तुम्ही हस्तांदोलन करून निघालात तेव्हा कंपनीचं काहीच गेलं नाही. गेलं त्याचंच.

आणि एक बाजू अशीही की चांगल्या दिवशी पैसे चांगले सुटायचे. ऑगस्टमध्ये पस्तीस माणसं, ऊन, टूरवर दोन-चार अमेरिकन कुटुंबं, की त्या दिवशी मी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या मित्राच्या दुप्पट कमवायचो. नोव्हेंबरात सहा माणसं, चार पळाली, की बसभाडंसुद्धा अंगावर. जुगार म्हणा.

पैशांपेक्षा मला खुपलं ते दुसरंच. टोपीवर जगायचं म्हटलं की कोणती गोष्ट 'चालते' ते आठवड्याभरात कळतं. हिटलरचा बंकर जिथे होता तिथे आज साधा पार्किंगचा तळ आहे. २००६ पर्यंत तिथे माहितीची पाटीसुद्धा नव्हती. बघायला काही म्हणजे काही नाही, मोटारी आणि वाळू. पण तिथे उभं राहून शेवटच्या दिवसांचं वर्णन केलं की लोक डोळे विस्फारून ऐकतात. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर बेबेलप्लात्स. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी तिथे पुस्तकं जाळली. स्मारक म्हणजे फरसबंदीत बसवलेली एक काच, तिच्यातून खाली पाहिलं की पांढरी रिकामी फडताळं दिसतात. वीस हजार पुस्तकं मावतील एवढी, आणि एकही पुस्तक नाही. दुपारच्या उन्हात काचेत आपलंच तोंड दिसतं, वाकून, डोळ्यांना हाताचा आडोसा करून बघावं लागतं. तिथे मला पंधरा मिनिटं हवी असायची. लोक चुळबुळायचे, कोणीतरी कॉफीचं विचारायचं. हळूहळू मी तिथली पंधराची सात मिनिटं केली आणि बंकरची दहाची वीस. कोणी सांगितलं नव्हतं. टोपीनेच सांगितलं.

अवांतर: ओळखीचं मराठी कोणी आलं की टूर संपल्यावर त्यांना बर्लिनच्याच दाहलेम भागात न्यायचो, फुकट, खरोखरच फुकट. तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात संशोधन करत होत्या. मार्गदर्शक कोण, तर वंशश्रेष्ठत्ववाला ऑयगन फिशर. डोक्याच्या कवट्या मोजून युरोपीय माणूस वरचढ असल्याचं काही दिसतं का, हा त्याचा प्रश्न, आणि बाईंनी मोजून सांगितलं की तसं काही दिसत नाही. या टूरवर टोपी कधी फिरवली नाही.

बोरूबहाद्दर · मंगळवार, दुपारी १२:२०

उत्तम चर्चा. प्रागचा चौक आलाच आहे तर थोडी भर घालतो. त्या चौकात मध्यभागी धर्मसुधारक यान हुस यांचा प्रचंड पुतळा आहे, तो १९१५ चा. कारण हुस यांना कॉन्स्टान्झ इथे ६ जुलै १४१५ ला जिवंत जाळलं, त्याला तेव्हा ५०० वर्षं झाली होती. हुस प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये लॅटिन सोडून लोकांच्या चेक भाषेत प्रवचन करायचे. त्याच्याआधी शंभराहून जास्त वर्षं, १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली होती. मराठी माणसाने त्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

शिवाय गवतीचहा यांनी दिलेली दोनशेची नोट! तिच्यावर ज्याचं चित्र आहे तो कोमेन्स्की, आधुनिक शिक्षणशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी. मुलांना चित्रांतून शिकवावं, मातृभाषेत शिकवावं असं सांगणारा. ज्या उठावात ते २७ जण मारले गेले, त्याच पराभवानंतर यालाही देश सोडावा लागला आणि तो परत आला नाही. नोटेच्या मागच्या बाजूला मोठ्या माणसाचा हात आणि लहान मुलाचा हात आहे. म्हणजे तुम्ही गाइडला मास्तरच दिलात.

उंटावरचा_शहाणा · मंगळवार, दुपारी १२:३१

बोरूभाऊ, मास्तर दिला खरा, पण कंपनीने त्यातला पंधरा आणे मास्तर कापून घेतला ना! (हलके घ्या.)

पोळीभाजी · मंगळवार, दुपारी १:०५

वाचनखूण साठवली. सप्टेंबरात वडिलांना (७३) घेऊन प्राग-व्हिएन्ना करतोय. दगडी रस्त्यांवर अडीच तास झेपतील का? मध्ये बसायला मिळतं का?

गवतीचहा · मंगळवार, दुपारी २:१५

पोळीभाजी, खरं सांगायचं तर आई दोनदा बसल्या, एकदा हुस यांच्या पुतळ्याच्या कठड्यावर आणि एकदा मधल्या कॉफीच्या सुट्टीत. ती सुट्टी पंधरा मिनिटांची होती. चाल हळू असते, थांबेच जास्त. पण रस्ते सगळे ठोकळ्या-ठोकळ्यांचे, त्यात पावलं वाकडी पडतात. सपाट जाड सोलचे बूटच हवेत, चपला नकोत. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी ठेवा. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

मेन म्हणजे पैसे रस्त्यावर बदलू नका. गाइडने पहिल्या दहा मिनिटांत हेच सांगितलं. चौकात कोणी "बँकेपेक्षा चांगला भाव देतो" म्हणत आला, की हातात भलत्याच देशाच्या रद्द झालेल्या नोटा येतात. अधिकृत दुकानात वाईट भाव मिळाला तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा. व्यवहार रद्द करून मागायचा हक्क २०१९ पासून कायद्याने आहे, मात्र हजार युरोपर्यंतच. आमचे त्यामुळे नक्की हजारेक रुपये वाचले. हेसुद्धा त्याच्या टूरच्याच खात्यात धरायला हवं होतं, आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

आणि हो, गल्लीगल्लीत निखाऱ्यावर फिरवत भाजलेली साखर लावलेली गुंडाळी मिळते, त्रदेल्निक. 'जुनी बोहेमियन परंपरा' अशा पाट्या असतात. गाइड म्हणाला, माझ्या आजीने हे कधी पाहिलं नव्हतं, पर्यटकांबरोबर आलं. आईंनी तरी दोन खाल्ल्या.

दगडफूल · मंगळवार, दुपारी ४:४०

मी पुण्यात वारसाफेऱ्या घेते, बहुतेक रविवारी सकाळी, शनिवारवाडा ते तुळशीबाग, मध्ये नाना वाडा. शुल्क आधी घेते, नोंदणीलाच. त्यामुळे टपालपेटी यांचं टोपीचं दुःख मला नाही, वेगळी आहेत.

पहिलं दुःख: "चालायचेच पैसे? आम्ही रोज चालतो की तिथून." हा फोन दर आठवड्याला येतो. दुसरं: ठरलेली रक्कम असली की लोक नोंदणी करतानाच घासाघीस करतात, मुलांचे अर्धे करा, आजी येणार पण ऐकणार नाही, तिचे कशाला. पण एकदा पैसे दिले की मग कोणी पळत नाही. उन्हाचा चटका बसला तरी दोन तास उभे राहतात, पैसे वसूल करायचे असतात ना. त्यामुळे नाना वाड्याच्या लाकडी कोरीवकामापाशी मी वीस मिनिटं घेते आणि शनिवारवाड्याच्या भुतापाशी शून्य. "काका मला वाचवा" ऐकू येतं का, असं विचारतातच. मी सरळ नाही म्हणते. टोपीवर जगत असते तर मीही भूत काढलं असतं, नक्की.

म्हणून खडूसकाकांशी मी अर्धी सहमत. किंमत लिहिलेली बरी. पण ज्यांनी लिहिलेली नाही, त्यांना हस्तांदोलनावर बोळवण्याशी सहमत नाही.

पोफळीची_बाग · मंगळवार, संध्याकाळी ६:२५

दगडफूल आणि टपालपेटी यांचं वाचून आमची लिस्बनची टूर आठवली.

आम्ही फोंड्याचे. लिस्बनला गेलो म्हटल्यावर घरात आधीच दोन तट. गाइड मुलगी हुशार. नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिओवर उभं करून १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप तिने असा सांगितला की अंगावर काटा. सणाचा दिवस, चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धरणी हलली, मग आग, मग समुद्राची लाट. नवं शहर बांधताना भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घातले, आणि ते टिकतात का बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली. हे ऐकताना पैसे वसूल.

मग आला 'शोधांचा काळ'. वास्को द गामा, मिरी, दालचिनी, शूर खलाशी. पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार बघणाऱ्या इंडिया हाउसची इमारत राजवाड्याला लागून इथेच होती, भूकंपात तीही गेली, हेही सांगितलं. आमच्या बाबांनी हात वर केला. म्हणाले, मी गोव्यातून आलोय, १९६१ साली दहा वर्षांचा होतो. १५१० पासून पुढचं थोडं सांगाल का?

मुलगी गोंधळली नाही, पण पंचवीस लोकांकडे एक नजर टाकली. नंतर मला ती नजर कळली, टोपी अजून फिरायची होती. म्हणाली, "तुम्हीच सांगा." मग बाबांनी तिथल्या तिथे पाच मिनिटं सांगितलं: आमचं फोंडं नव्या काबिजादीतलं, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातलं, अठराव्या शतकात गेलं, म्हणून तर मंगेशीसारखे देव १५६० च्या सुमारास त्यांच्या ताब्यातल्या भागातून पळवून आमच्याकडे आणले. १९ डिसेंबर १९६१ ला सगळं संपलं, आणि पोर्तुगालने ते मान्य केलं त्यांची हुकूमशाही गेल्यावर, १९७४ साली. एक ब्राझीलचं जोडपं मन लावून ऐकत होतं. दोन जण फोनमध्ये. शेवटी त्या मुलीने आमच्याकडून पैसे घ्यायला नकार दिला, बाबांनी जबरदस्तीने वीस युरो टोपीत टाकले. हॉटेलवर येऊन म्हणतात, "माझे पाच मिनिटांचे तिने कापले पाहिजे होते."

खडूसकाका · मंगळवार, रात्री ९:५०

पोफळीची बाग, तुमच्या बाबांना साष्टांग.

दगडफूलताई, अर्धी सहमती पावली. तुमच्या फेरीला येईन म्हणतो. पैसे आधी भरीन, घासाघीस करणार नाही. टपालपेटी, बुडापेस्टच्या त्या पोराने फोटो काढला होता का, ते आठवतोय मघापासून. काढला होता. सौ. सांगते, मी त्यात ओळीच्या पुढे उभा आहे.

उंटावरचा_शहाणा · मंगळवार, रात्री १०:०३

स्क्रीनशॉट काढून ठेवला. काकांनी मत बदलल्याची ही पहिलीच नोंद.

खडूसकाका · मंगळवार, रात्री १०:०६

मत बदललेलं नाही. 'फ्री' म्हणणं लबाडीच आहे.

गवतीचहा · बुधवार, रात्री ९:३०

काल आईंना सगळं सांगितलं. फोटोचं, अडीच युरोचं. मोबाइलवर फोटो नाही म्हणा, तो त्याच्याकडेच. पण त्या म्हणाल्या, "तरी मी बाजूला उभी होते." मग थोड्या वेळाने, "वड्या चारच दिल्या गं, डबा देऊन टाकायला हवा होता."

पोळीभाजी, एक काम सांगू का? सप्टेंबरात तुम्ही चौकात जालच. हिरवी छत्री, एक काडी मोडलेली (तोवर बदलली नसेल तर), दाढी, बसलेला घसा, आणि घड्याळाची गोष्ट सांगून नंतर ती खोटी आहे म्हणणारा. दिसला तर माझ्यातर्फे त्याला पाचशेची नोट द्या. मी तुम्हाला जीपे करते. काही बोलू नका, आलेपाकवाल्या बाईंकडून एवढंच सांगा.

पोळीभाजी · बुधवार, रात्री १०:१२

देतो की. पैशांचं मी परत आल्यावर बघू. आलेपाकाचा डबाही पाठवा, मी डोंबिवली पूर्वेलाच राहतो, येऊन घेऊन जाईन.

फक्त फोटोच्या वेळी मी आणि बाबा कुठे उभं राहायचं ते टपालपेटींनी सांगावं.

टपालपेटी · बुधवार, रात्री १०:२०

मध्येच उभे राहा. आणि आमच्याकडे तरी बाबागाडीतलं बाळ मोजत नसत.